बाळाचं तोंड आईला दाखवावं का?

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये असते. ३६व्या आठवड्यात बाळ पोटातच गेलं. तिथल्या हॉस्पिटलनं बाळ दीड दिवस तिच्या खोलीत ठेवलं, फोटो काढले, नावही विचारलं. आमच्याकडे आईला तोंडसुद्धा दाखवत नाहीत, पुरुषमंडळी लगेच पुरून येतात. अशानं ती खचेल, असं तिच्या आईला वाटतं. आम्ही तिच्याशी काय बोलावं?
– एक मावशी, सांगली

उत्तर : मावशी, नर्सनी केलं ते योग्यच. ‘बघितलं तर माया लागेल’ म्हणून आपल्याकडे बाळ लपवतात. त्यामागे काळजीच असते, पण पोटात वाढलेल्या जिवाची माया आधीच लागलेली असते. न पाहिलेल्या बाळाबद्दल मग मन नको नको ते रंगवत बसतं. बाळ जाऊन काही काळ लोटला असेल तर त्वचा जागोजाग सुटते, ओठ काळपट लाल दिसतात. म्हणून जाणकार नर्स आधी हे शब्दांत सांगते, बाळाला दुपट्यात गुंडाळते आणि मगच विचारते, ‘बघायचंय का?’ आई नको म्हणाली तर आग्रह नाही. फोटो आणि पावलांचे ठसे जपून ठेवतात, पुढे मागता येतात. बाळाखाली थंड पाणी खेळवलेली गादी असते, म्हणूनच ते एवढा वेळ जवळ राहू शकलं.

इंग्लंडमध्ये २४ आठवड्यांनंतर असं झालं तर ४२ दिवसांत नोंद करावी लागते आणि त्यात बाळाचं नाव घालता येतं. जपानमध्ये अशा बाळांसाठी देवळात विधी करतात. कामाकुराच्या हासेदेरा मंदिरात त्यांच्या नावानं ठेवलेल्या जिझोच्या, म्हणजे लहान मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, छोट्या मूर्तींच्या रांगा आहेत.

तेव्हा भाचीनं नाव ठेवलं असेल तर त्याच नावानं बाळाची चौकशी करा. ‘दुसरं होईल’, ‘देवाची मर्जी’, ‘तू काय खाल्लं होतंस?’ यातलं काहीही बोलू नका. आणि दुधाचं विचारा, ते कुणी विचारत नाही. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पान्हा फुटतोच. छाती करकचून बांधू नये. नीट बसणारी ब्रा घालावी, थंड घड्या ठेवाव्यात, फारच ठणकलं तर आराम पडण्यापुरतंच दूध काढावं. सगळं काढलं की आणखी येतं. दूध थांबवायला कॅबरगोलिन नावाचं औषध देतात, पण रक्तदाब वाढलेला असेल तर ते चालत नाही. ताप आला, छाती लाल झाली तर लगेच डॉक्टरकडे.

प्रश्न : ३०व्या आठवड्यात मृत बाळ जन्मलं. कंपनी ‘गर्भपाताची सहाच आठवडे रजा’ म्हणते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : कंपनी चुकते आहे. कायद्यानं गर्भपात म्हणजे २६व्या आठवड्यापर्यंतचा. त्यापुढे प्रसूतीच धरली जाते, कारण १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात ‘मूल’ या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूल येत होतं. आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही २६ आठवड्यांची ही रेघ तशीच आहे. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर पगारी रजा २६ आठवडे, नाहीतर १२. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. बाळाची ‘उपजत मृत्यू’ म्हणून २१ दिवसांत नोंद होते, ती हॉस्पिटलनं केली का, पाहा. डिस्चार्ज कार्डावर आठवडे लिहिलेले असतातच. त्याची प्रत जोडून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.