बँडमध्ये नाव लागलं, आता सुरुवात कुठून करायची?

अभिनंदन! ठाण्यात राहून कॉलेजच्या विंड बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला मिळतेय, ही संधी सोडू नकोस. वेगवान स्केल, व्हायब्रॅटो वगैरे इतक्यात नको. आधी एवढंच सांभाळ:

१. लांब सूर. रोज दहा मिनिटं एकच सूर आठ मात्रा धरायचा, ट्यूनरचा (सूर बरोबर लागतोय का ते दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा स्थिर ठेवून. नवीन मुलं हमखास गाल फुगवतात आणि माउथपीस दातांनी आवळतात. मग सूर चढतो, आवाज चिरका येतो. गाल सपाट, ओठांचे कोपरे घट्ट, आणि श्वास पोटापर्यंत.

२. रीड, म्हणजे माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी, दोन किंवा अडीच नंबरची घे; नंबर जितका मोठा तितकी ती कडक. कडक रीड म्हणजे चांगला वादक, हा गैरसमज आहे. तीन-चार रीड आलटून पालटून वापर. वाजवून झालं की रीड काढून, पुसून ठेव आणि नळीतून फडकं फिरव. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत रीडला बुरशी धरते, भोकं झाकणारी पॅड फुगतात.

३. कंडक्टरने 'कॉन्सर्ट बी-फ्लॅट' (म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारा बी-फ्लॅट) मागितला की तू सी वाजवायचा, कारण बी-फ्लॅट क्लॅरिनेटवरचा सी हा बी-फ्लॅट म्हणूनच ऐकू येतो. पहिल्या तालमीत सगळे इथेच गोंधळतात.

तालमीत चुकलं तर थांबू नकोस. सूर सुटला तरी चालेल, मोजणी सुटता कामा नये. पुढच्या मात्रेला पकड. शेजारच्याचं ऐकत वाजव. नोटेशनवर खुणा करायला पेन्सिल जवळ ठेव. आणि घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहत असशील तर सराव रात्री आठच्या आत उरक, शेजारीही खूश राहतील.