स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प यांना ठार का मारलं?

सीझरच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, नावाने शपथ घ्यायला आणि ख्रिस्ताला नाकारायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून. स्मर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. काळ बहुधा इ.स. 155-156. तिथल्या ख्रिस्ती मंडळीने फिलोमेलियम गावच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात हा प्रसंग तपशीलवार आहे. पकडायला आलेल्यांना पॉलिकार्पनी आधी जेवू घातलं, मग प्रार्थनेपुरता वेळ मागून घेतला. रोमन प्रांताधिकारी म्हणाला, 'नास्तिकांचा नाश असो' एवढं म्हण. रोमन देवांना न मानणारे म्हणून ख्रिस्ती लोकच तेव्हा 'नास्तिक' ठरत! म्हाताऱ्याने प्रेक्षकांच्या गर्दीकडे हात करून तेच वाक्य उच्चारलं. पुढचं उत्तर तर प्रसिद्धच आहे: '86 वर्षं मी त्याची (ख्रिस्ताची) सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही; मग माझ्या राजाची निंदा कशी करू?' शेवटी चितेवर चढवलं आणि खंजीर खुपसून मारलं.

पत्र जुनं आणि मोलाचं असलं तरी चमत्कारांचा भाग जरा जपून वाचा. ज्वाळा शिडासारख्या फुगून अंगाला न लागणं त्यात आहेच, पण जखमेतून कबुतर उडाल्याचा उल्लेख चौथ्या शतकातल्या चर्च-इतिहासकार युसेबियसने उतरवलेल्या पाठात नाही. तो बहुतेक मागाहून घुसला असावा.