वाचकांचे प्रश्न : पोस्टरवर चेहरे किती हवेत?

प्रश्न : मी साताऱ्यात माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्प म्हणून आमच्या पाच जणांच्या गटाने ‘सुटे पैसे’ नावाचा १२ मिनिटांचा लघुपट केला आहे. एसटीचा वाहक एका आजींच्या तिकिटामागे ‘७ रु. देणे’ असे लिहून देतो आणि आजी ते तिकीट शेवटच्या थांब्यापर्यंत मुठीत जपतात, एवढीच गोष्ट आहे. लघुपटासोबत ए-थ्री आकाराचे पोस्टर आणि त्यामागचा विचार सांगणारे दोन पानी टिपण द्यायचे आहे. पहिल्या मसुद्यात आम्ही चार कलाकारांचे चेहरे, एसटी, घाट आणि सूर्यास्त घेतला होता. सरांनी “हा वाढदिवसाचा फ्लेक्स वाटतो” असे म्हणून तो परत केला. आमचे काय चुकले?

उत्तर : शेरा बोचरा असला तरी बरोबर आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे येतात, कारण ज्याने वर्गणी दिली त्याचा फोटो लागायलाच हवा; तुमच्या पोस्टरवर चार चेहरे आले तेही बहुधा कोणी रुसू नये म्हणूनच. ओळखीच्या नटाचा चेहरा प्रेक्षकाला थांबवतो, परंतु तुमचे कलाकार प्रेक्षकाला अनोळखी आहेत आणि घाटातला सूर्यास्त तर कोणत्याही चित्रपटाला चालेल. याउलट तिकिटाच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलेले ‘७ रु. देणे’ हे शब्द एसटीने फिरलेला कोणीही क्षणात ओळखेल. तुमचे पोस्टर तुमच्या पत्रातच आहे, ते फक्त कागदावर उतरवायचे राहिले आहे.

आजींचा उघडा तळहात, त्यावर पाठ वर केलेले तिकीट आणि हातातल्या बांगड्यांची कडा, एवढेच छायाचित्र घ्या. यंत्रातून निघालेल्या तिकिटाचा कागद गुळगुळीत असतो आणि त्याची गुंडाळी होते. तो इस्त्री केल्यासारखा सपाट करू नका, कारण मुठीत दाबून पडलेल्या सुरकुत्यांतच तुमची गोष्ट आहे. त्या दिसण्यासाठी फ्लॅश बंद ठेवून खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड घ्या. छायाचित्र स्वतःच काढा. इंटरनेटवरून उचललेला हात वापरलात तर तो कोणाचा, या प्रश्नाला तोंडी परीक्षेत उत्तर देता येणार नाही.

खरी मेहनत शीर्षकाच्या अक्षरांवर करा. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरकार कमल शेडगे यांनी केलेली अक्षरे पाहिलीत, तर नाटकाची प्रकृती नुसत्या नावाच्या वळणातून कशी कळते ते ध्यानात येईल. तुमच्या बाबतीत माझी सूचना अशी, की एसटीत बसून, गुडघ्यावर कागद ठेवून, ‘सुटे पैसे’ हे शब्द बॉलपेनने तीस-चाळीस वेळा लिहावेत आणि गचक्यांनी ज्यातले अक्षर सर्वांत छान बिघडले असेल ते स्कॅन करावे. नाव दोन ओळींत मांडणार असाल तर एक अडचण येईल : वरच्या ‘सु’चा उकार नेमका खालच्या ‘पै’च्या दोन मात्रांवर आदळतो. तेव्हा खालची ओळ थोडी उजवीकडे सरकवा, किंवा उकाराची शेपटी मात्रांना वळसा घालून न्या. हाताने लिहिलेल्या अक्षरांत ही मोकळीक असते. श्रेयनामावली मात्र तयार टंकात (फॉन्टमध्ये) घ्या. इंग्रजी पोस्टरांच्या तळाशी दिसते तशी ती बाजूंनी दाबून अरुंद करू नका, कारण तसे केल्याने उभे दंड बारीक होतात आणि आडव्या शिरोरेषा जाड राहतात. अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते, तोही मोह टाळा. महोत्सवात निवड झाल्याचे दाखवणारी पानांच्या डहाळ्यांची चिन्हे आणि सेन्सॉरची खूण शोभेसाठी लावण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. जे मिळालेले नाही ते छापू नये.

टिपणात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा उल्लेख जरूर करा. मूकपटांच्या काळात ते स्वतः चित्रपट काढत आणि त्यांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवत, त्यामुळे कोणता प्रसंग पोस्टरवर न्यावा हे ठरवणारा माणूस आणि तो प्रसंग चित्रित करणारा माणूस एकच होता. तुमच्या गटालाही हीच सोय आहे.

मसुदा झाला की तो भिंतीवर लावून दहा-बारा पावलांवरून पाहा आणि मग मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. दोन्ही वेळा हात आणि नाव ओळखू आले पाहिजे, ‘७ रु. देणे’ जवळ आल्यावर वाचता आले तरी पुरे.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये पोस्टरवरचा मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. टंक बदलूनही उपयोग झाला नाही. काय करावे? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : बहुधा दोष टंकाचा नसून अक्षरजुळणीच्या व्यवस्थेचा आहे. प्रेफरन्सेसमधील टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय असेल तर तो निवडा. जुन्या आवृत्तीत याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय दिसतो. आधी टाकलेला मजकूर त्यानंतरही तसाच राहिला, तर तो पुसून नव्याने टाका. टंक युनिकोडचाच हवा. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक तयार करणाऱ्या संस्थेचे टंक विनामूल्य मिळतात. ए-थ्रीसाठी ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात आणि कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडावी लागते. छपाईवाल्याकडे पीडीएफच द्या आणि व्हॉट्सॲपवरून पाठवायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत लहान होते आणि छापल्यावर अक्षरांच्या कडा फाटतात.