पीएचडी चालू असताना एक वर्ष परदेशात संशोधनाला जायचं आहे, कोणती शिष्यवृत्ती बघू?

शिष्यवृत्ती नंतर. आधी दोन माणसं पक्की करा, तिकडे बोलावणारं आणि इकडून सोडणारं. तिकडचं सोपं असतं. त्यांचा एखादा लेख नीट वाचून नेमका प्रश्न विचारलात तर बहुतेक प्राध्यापक उत्तर देतात. अडतं ते गाईडपाशी.

माझा विषय डच ईस्ट इंडिया कंपनीचा सतराव्या शतकातला कापडव्यापार. कागद नेदरलँड्समधल्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. आमचे गाईड म्हणाले, "सगळं स्कॅन होऊन नेटवर आलंय, वर्षभर तिकडे जाऊन काय करणार? फिरणारच ना?" स्कॅन आहेत, नाही कोण म्हणतं. कंपनीची जगभर विखुरलेली दफ्तरं अडीच कोटी पानांच्या घरात आहेत, २००३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृती नोंदवहीत घेतलं, आणि हेगमधला मोठा भाग आज घरबसल्या उघडतो. उघडतो, पण वाचता कुठे येतो? संक्षेप, कारकुनागणिक बदलणारं अक्षर, हे शेजारी बसून कुणी दाखवल्याशिवाय डोळ्यात बसत नाही. कापडांची नावं तर ऐकली तशी लिहिलेली, एकाच पानावर एका कापडाची वेगवेगळी स्पेलिंगं. सर्चमध्ये काय टाकणार? हेगजवळच्या लायडन विद्यापीठात आम्ही काही जण एकेक पान घेऊन तासन्‌तास बसायचो. त्यातल्या मिरीच्या व्यापारावर काम करणाऱ्या एकीने तिच्या हिशेबांत माझं कापड दाखवलं. मिरीच्या कागदांत मी जन्मात गेले नसते. माझं तिसरं प्रकरण त्यावर उभं आहे. व्हायवाला, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेला, गाईडनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं, वर "मीच पाठवलं होतं हिला" हेही.

म्हणून सांगते, होकार तोंडी घेऊ नका, मेलवर घ्या. विद्यावेतन चालू राहणार का, ते वर्ष पीएचडीच्या मुदतीत धरणार का, तिकडच्या प्राध्यापकांसोबत लेख झाला तर नावं कशी लागणार, सगळं जायच्या आधी. तिकडच्या पत्रातही तारखा, ग्रंथालयाचा प्रवेश आणि तुमचं काम कोण बघणार हे हवंच. नुसतं "स्वागत आहे" असलेलं पत्र कुठे चालत नाही.

आता शिष्यवृत्ती. जर्मनीसाठी डीएएडी या तिथल्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची आहे, नाव एक वर्षाची, प्रत्यक्षात ७ ते १२ महिन्यांची. अमेरिकेला सरकारी पैशावर जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसाने गेलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते. ती पूर्ण होईपर्यंत किंवा सूट मिळेपर्यंत नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड विसरा. तिकडेच पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचा बेत असेल तर हे आधी वाचा. तयारीला वर्षभर आधी लागा.

हे सगळं कागदपत्रांवर काम करणाऱ्यांचं झालं. प्रयोगशाळेवाल्यांना एखादं यंत्र वापरण्यापुरते तीन महिनेही पुरतात. आणि तुमचे गाईड स्वतःहून "जा" म्हणत असतील, तर माझा अर्धा राग तुमच्या उपयोगाचा नाही.