रोजची युनिटं किती लागतात?

प्रश्न : आलिशान इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर घेतली आहे, बॅटरी ९० किलोवॅट-तासांची. घरी साध्या १६ अँपियरच्या सॉकेटवर रात्रभर लावली तरी सकाळपर्यंत जेमतेम पाव बॅटरी भरते, वर प्लग गरम होतो. २२ किलोवॅटचा चार्जर बसवू का? शिवाय कागदावर ४७० किलोमीटर लिहिलेत. महामार्गावर १२० च्या वेगाने ३३० च्या आसपासच मिळाले. गाडीत दोष आहे का? रोजचं जाणं-येणं ६० किलोमीटर.

उत्तर : आधी तो गरम प्लग बघा, बाकी सगळं नंतर. इस्त्री, मिक्सर थोडा वेळ चालतात; गाडी मात्र दहा-दहा तास सलग करंट ओढते. सॉकेटची पकड सैल किंवा वायर बारीक असली की उष्णता तिथंच साठते. मेन बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र जाड वायर ओढून घ्या. तिला वेगळा एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्डाचं नावही काढू नका.

आता २२ किलोवॅटचं. भिंतीवरचा तो डबा खरा चार्जर नव्हेच. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो आणि तो झेपेल तेवढंच घेतो. बहुतेक गाड्यांत तो ७.४ किंवा ११ किलोवॅटचा असतो, आणि ११ साठी घरात थ्री-फेज लागतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. त्याहून मोठा डबा घेणं म्हणजे निव्वळ हौस.

मी हिशेब वीजबिलातल्या युनिटांत करतो, कारण किलोवॅट-तास म्हणजेच युनिट. साठ किलोमीटरला साधारण १३ युनिटं लागतील, चार्जिंगमधली घट धरून १५. तुमचा प्लगवाला चार्जर १० अँपियर घेत असावा, म्हणजे तासाला २.३ युनिटं. साडेसहा तासांत काम झालं! पाव बॅटरीच भरते हे खरं, पण तुम्ही रोज तेवढीसुद्धा वापरत नाही. लांबच्या प्रवासाला अचानक निघावं लागत असेल तर ३२ अँपियरचा, ७.४ किलोवॅटचा चार्जर बसवा. दहा तासांत ६५ युनिटं तरी बॅटरीत जातील. एरवी ८० टक्क्यांवर थांबवा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं कंपनी सांगेल तसं करा.

गाडीत दोष दिसत नाही. ४७० हा आकडा डब्ल्यूएलटीपी या गाड्यांच्या प्रमाणित चाचणीतला असणार. ती होते प्रयोगशाळेत, २३ अंश तापमानात, सुमारे २३ किलोमीटरची, आणि सरासरी वेग ताशी ४६-४७. वेग १०० वरून १२० केला की हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, त्यात तुमची गाडी उंच आणि जड. मोठ्या चाकांची हौस केली असेल तर तीही थोडं खाते. शंभर किलोमीटरला २७ युनिटं हे या वेगाला ठीकच आहे. पुढच्या वेळी १०० ने जाऊन बघा, आणि केबिन थंड करायची ती प्लग काढायच्या आधी.