स्कीपटू रोझी मिटरमायर यांची कारकीर्द एकाच हंगामापुरती होती का?

तसे म्हणता येणार नाही, कारण 1976च्या त्या गाजलेल्या हंगामाआधी त्यांनी 1968 (ग्रनोबल) आणि 1972 (सप्पोरो) अशी दोन हिवाळी ऑलिंपिक खेळली होती, मात्र तेथे पदक मिळाले नव्हते. इन्सब्रुकमधील 1976च्या ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या या खेळाडूने प्रथम डाउनहिल (बर्फाच्या उतारावरून अतिवेगाने खाली येण्याची शर्यत) जिंकली. हा निकाल खरोखर अनपेक्षित होता, कारण वर्ल्ड कपमध्ये (हंगामभर चालणाऱ्या स्की शर्यतींच्या मालिकेत) त्यांनी डाउनहिल शर्यत कधीच जिंकलेली नव्हती आणि त्यांची खरी ताकद खांबांमधून झपाट्याने वळणे घेण्याच्या स्लॅलम प्रकारात होती. त्यानंतर स्लॅलमचेही सुवर्णपदक त्यांनी मिळवले. जायंट स्लॅलममध्ये (अधिक अंतरावरच्या खांबांमधून वळणे घेण्याच्या प्रकारात) मात्र कॅनडाच्या कॅथी क्रायनर यांनी त्यांना अवघ्या 0.12 सेकंदाने मागे टाकले, अन्यथा तिन्ही सुवर्णपदके त्यांचीच झाली असती. त्याच हंगामात त्यांनी वर्ल्ड कपचे सर्वंकष (सर्व प्रकार मिळून) विजेतेपदही पटकावले आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी निवृत्ती स्वीकारली. माझ्या मते, एकाच हंगामाचा समज या अकाली निवृत्तीमुळेच पसरला असावा. पुढे त्यांचे पुत्र फेलिक्स नॉयरॉयटर हेही नामवंत स्लॅलमपटू झाले. मिटरमायर यांचे जानेवारी 2023मध्ये निधन झाले.