मोडायचा दिवस आधी बघ

लेकरा,

सोयाबीनची पट्टी हातात पडली अन् आडतीवरूनच तू फोन लावलास. दहा ग्रॅमचं सोन्याचं नाणं घेऊ का? आई पाटल्या म्हणती, मित्र ॲपवर घे म्हणतो. मी गडबडीत 'घे' म्हणालो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

नाणं घे. पण मोडायचा, म्हणजे परत विकायचा, दिवस आधी बघ.

मी बघितला नव्हता. फंडातले पैसे काढून बँकेतून वीस ग्रॅम घेतलं होतं, सीलबंद, ९९९ शुद्धतेचं. बँकेचं म्हणजे पक्कं, एवढंच डोक्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, बोअरसाठी पैशाची नड पडली. त्याच बँकेत गेलो. बँक नाणं विकते, परत घेत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. सराफ्यात गेलो तर पावती हरवलेली. सील फोडून कस लावला, घट म्हणून काही पैसे कापले, अन् मी मान खाली घालून पैसे मोजून घेतले.

तुझी काकू अजून म्हणते, नाण्यापायी नुकसान झालं. मला पटत नाही. नाणं होतं म्हणून सावकाराच्या दारात गेलो नाही. बोअर कोरडं गेलं, तो दोष नाण्याचा नाही. चूक माझी, मोडायचा दिवस न बघितल्याची.

तू सराफाला भाव विचारलास. परत घेताना काय धरणार, हे विचारलंस? नाही ना! इतकं शिकून हेच राहतं कसं? सोन्यावर ३ टक्के जीएसटी आहे, तो मोडताना मिळत नाही. लाखाला तीन हजार तिथंच गेले, वर घडणावळ वेगळी. एक-एक ग्रॅमची नाणी नको, ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते. ॲपवरचं डिजिटल सोनं आपल्या नियंत्रणात येत नाही, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनंच सांगितलंय. तो विषय सोड.

राहिल्या पाटल्या. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, अन् घडणावळ नाण्याहून कितीतरी जास्त. पण हा हिशेब आईपुढं मांडू नकोस. तिच्या पाटल्या तुझ्या हॉस्टेलच्या फीसाठी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पुढच्या सुगीला तिला करून दे, अन् त्याला गुंतवणूक म्हणू नकोस.

आधी दोन-तीन सराफांकडं जा. परत घेताना कोणता भाव, किती घट, हे पावतीवर लिहून मागायचं. जो लिहून देईल त्याच्याकडं शनिवारी जाऊ, मीही येतो.

तुझा काका